मातीचे दोन ओहम

सदा,

परवा तुझ्या शोकसभेत तुझं गणित पुन्हा एकदा चुकीचं ठरलं, आणि मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकून घेतलं.

सातारला तुझ्याच शाळेच्या हॉलात सभा होती. टेबलावर तुझा तो चष्म्यातला फोटो, ज्याला तू "पोलीस चौकीत लावायचा फोटो" म्हणायचास. एकामागून एक तुझे विद्यार्थी बोलले. विद्यार्थी म्हणजे काय, त्यांचेही गुडघे आता धरलेले. त्यातला एक म्हणाला, "सर फळ्यावर कधी चुकले नाहीत. पण ते स्वतःच सांगायचे, ऐन जवानीत माझं एक गणित चुकलं आणि त्याचा मार एका निरपराध माणसाच्या तळव्यांवर पडला. इतका मोठा माणूस, पण चूक लपवली नाही." लोकांनी माना हलवल्या. तुझ्या सुनेने डोळ्यांना पदर लावला. मग अध्यक्षांनी मला बोलावलं, सर्वांत जुना मित्र म्हणून. मी उभा राहिलो, तुला शिळी भाकरी आणि कच्चा कांदा कसा आवडायचा असं काहीतरी बोललो, आणि मध्येच खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने.

तुझं गणित चुकलं नव्हतं, सदा. ते कधीच चुकलं नव्हतं. हे मी सांगण्यासाठी तुला जावं लागलं, याची लाज वाटते.

शाळा तुझ्या आठवणींचा अंक काढते आहे. त्यासाठी माझ्याकडे लेख मागितला, तो हा. यातलं निम्मं तुला माहीत आहे. पण वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून तुला माहीत असलेलंही थोडं सांगावं लागेल. तेवढं सोस.

शेगडीपासून सुरुवात करतो. मॅट्रिकच्या वर्षी आपण सांगलीत एका खोलीत राहत होतो. घरमालक अण्णा, रिटायर झालेले हेडक्लार्क. त्यांच्या जावयाने मुंबईहून विजेची शेगडी आणून दिली होती, आणि ती पेटवली की अख्ख्या घराचे दिवे मंद व्हायचे. अण्णांचं म्हणणं, शेगडी दिवे खाते. काकूंचं म्हणणं त्याहून पुढचं. "धूर नाही, राख नाही. असल्या विस्तवावरचा नैवेद्य देवाला कसा दाखवू?" तू म्हणालास, "काकू, देवाला वास पोचला म्हंजी झालं. धूर काय, आमाला पन नको असतो." त्या तुझ्यावर रागावल्या आणि तुलाच पहिलं धिरडं वाढलं.

तू शाळेच्या प्रयोगशाळेतून अँपिअर मोजायचं मीटर मागून आणलंस. शेगडीच्या तळाला पितळी पट्टी होती, दोनशे वीस व्होल्ट, हजार वॅट. मीटर जोडलं तर सुई साडेचारच्या जरा वर. तू अण्णांना ओसरीवर बसवलंस आणि खडूने फरशीवर मांडलंस. व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे वॅट, म्हणजे शेगडी किती वीज ओढते ते. हजार आलं, पट्टीवरच्यासारखं. व्होल्ट भागिले अँपिअर, म्हणजे रेझिस्टन्स, म्हणजे शेगडीचं वेटोळं विजेला किती अडवतं ते. अठ्ठेचाळीस ओहम आले. "आता बघा अण्णा, शेगडी दिवे खात न्हाई. तुमच्या घरातली वायरच बारीक हाय, शेगडी पेटली की वाटेतच दाब सांडतो." अण्णा बराच वेळ फरशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे दोष जावयाचा नाही. बरं झालं, मी पत्र टाकणार होतो."

मला तेव्हा ते दोन भागाकार-गुणाकार परीक्षेपुरते वाटले होते. तुला तसं वाटत नसे. मास्तर पाटाच्या पाण्याचा दाखला द्यायचे, दाब म्हणजे पाण्याची उंची, प्रवाह म्हणजे पाट. तुला तो दाखला पटत नव्हता. "पानी सांडलं की गेलं," तू म्हणायचास. "वीज कुटं जात न्हाई. जेवढी गेली तेवढी परत येती. त्यात खोटं चालत न्हाई." पुढे शेगडीतली वेटोळ्याखालची फरशी तडकली तेव्हा अण्णांनी शेगडीच तुला देऊन टाकली. तू वेटोळं काढून घेतलंस. माझ्या मते ते भंगार होतं.

मग बेचाळीस साल आलं. मी तासगावच्या तार ऑफिसात सिग्नलर म्हणून लागलो होतो आणि तू एका खेड्यातली मास्तरकी सोडून चळवळीत गेला होतास. भूमिगत. आपलं जमायचं तरीही. मी टोमणा मारायचो, "थोरला भाऊ पलटणीत, आणि धाकटा सरकारच्या तारा तोडतोय." तू म्हणायचास, "त्यो त्येंची लढाई लढतोय, मी माजी. फकस्त पगार त्याला हाय." आणि मला म्हणायचास, "तू मातूर बरा हाईस. तुझी लढाई टिक्-टिक्-टिक्."

तारेतला बिघाड शोधायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तुला त्याची फार गंमत वाटली. आमच्या तासगावातून पूर्वेकडे माळावरून एक तार जायची. लोखंडी, एकेरी, मैलाला वीस ओहम. तार कुठे जमिनीला टेकली की संदेश तिथेच जमिनीत मुरायचा. मग मी इकडून चाळीस व्होल्टची बॅटरी लावायचो आणि किती करंट जातो ते बघायचो. व्होल्ट भागिले करंट म्हणजे ओहम, आणि ओहमला विसाने भागलं की मैल. ऑफिसच्या खुर्चीत बसून मी सांगायचो, बिघाड अमुक गावाच्या ओढ्यापाशी आहे. लाइनमन तिथे जायचा आणि वटवाघूळ नाहीतर मोडलेली फांदी काढून यायचा. "म्हंजी जमीन न बघता गाव सांगतोस," तू म्हणालास. "तलाठ्याच्या वर गेलास की रं, इष्ण्या."

तुम्ही लोक आधी तारा तोडायचात. तोडलेली तार रस्त्यावरून दिसते, दोन तासांत जोडून होते. मग तू शहाणपणा केलास. खांबावरच्या तारेला बारीक तार अडकवायची, ती वेलीतून, निवडुंगातून लपवत खाली आणायची आणि विहिरीत सोडायची. वरून तार धडधाकट दिसते, पण मुकी. शोधायचं तर एकच उपाय, माझं मीटर.

त्या सकाळबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. सकाळी ऑफिस उघडलं तर पूर्वेची लाइन मेलेली. आमचे साहेब टेबलापाशी उभे, आणि त्यांच्या शेजारी फौजदार. एरवी फौजदार ऑफिसात यायचा नाही. त्यावरून मी ओळखलं की आज नुसती फांदी काढायला कुणी जाणार नाही. मी बॅटरी लावली. सुई दोनशे मिलिअँपिअरवर आली आणि थांबली. चाळीस भागिले शून्य दशांश दोन. दोनशे ओहम. दहा मैल.

दहा मैलांवर खिंड होती. माणूसवस्ती नाही, एक पडकी चौकी तेवढी. त्याच्या महिनाभर आधी, बाजाराला जातो असं सांगून, मीच त्या चौकीत तुला भाकरी नेऊन दिली होती. तू घोंगडं पांघरून बसला होतास, अंगात ताप होता. म्हणाला होतास, "हितं कोन येत न्हाई. हितंच ऱ्हातो थोडं दिस." मला वाटलं, तू अजून तिथेच आहेस. आणि आपल्या बिछान्यापाशीच तार टेकवण्याइतका तू वेडा नाहीस, हे माझ्या डोक्यात आलं नाही. भीतीने माणूस गणित सोडून सगळं विसरतो. गणित मात्र मी विसरलो नाही. उभ्याउभ्या उलटं केलं. खिंडीच्या पुढे अकराव्या मैलाला गाव होतं, तिथे माणसं होती. त्याच्या पुढे साडेबाराव्या मैलाला बिरोबाचा माळ आणि माळावर धनगरांची वस्ती. दसऱ्याला देवाचं झालं की ते मेंढरं घेऊन खाली उतरतात, पावसाळ्याला परत येतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. म्हणजे वस्ती रिकामी असणार. चार कुडाच्या भिंती आणि लेंड्या. साडेबारा गुणिले वीस, अडीचशे. चाळीस भागिले अडीचशे, शून्य दशांश सोळा, म्हणजे एकशे साठ मिलिअँपिअर.

मी बॅटरीची तार सोडवली. सुई शून्यावर गेली.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"एकशे साठ."

साहेबांनी स्वतः भागाकार केला. फौजदाराने नकाशावर बोट ठेवलं. "खात्री आहे?" साहेब म्हणाले.

"खात्री आहे," मी म्हणालो.

त्या वर्षी परतीचा पाऊस हटत नव्हता, हे तुलाही आठवत असेल. माळावर गुडघाभर गवत होतं. घरासमोर गवत असताना कोण कशाला मेंढरं घेऊन परक्या रानात जाईल? धनगर त्या वर्षी उतरलेच नव्हते. वस्ती भरलेली होती. मी मीटर बघितलं, माळ बघितला नाही. ऑफिसच्या खिडकीतून पाऊस रोज दिसत होता, पण पावसाचा आणि वस्तीचा संबंध माझ्या मनात जोडला गेला नाही.

वस्तीतल्या बिरू नावाच्या धनगराच्या कुंपणाला तारेचा एक तुकडा बांधलेला सापडला. मेंढरं अडवायला, रस्त्यात मिळालेला. तेवढ्यावर त्याला तासगावला आणलं. तो तेव्हा आपल्याच वयाचा होता. नावं सांग म्हणून त्याला मारत होते आणि त्याला एकही नाव माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित सुटला असता. तळव्यांवर मारत होते. पोलीस चौकी आमच्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. मी त्या दिवशी तारेची टिकटिक ऐकवणाऱ्या साउंडरला कान लावून बसलो, पण लाइन मेलेली होती, ऐकायला त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाइन आपोआप जिवंत झाली. तुमचं काम झालं होतं आणि तुम्ही तार काढून घेतली होतीत. फौजदाराला वाटलं, बिरूला पकडला म्हणून बिघाड गेला. त्याचा अपराध तिथे पक्का झाला. त्याला सातारच्या तुरुंगात नेलं. परत आला तेव्हा त्याला चार पावलांच्या वर चालता येत नव्हतं. पुढच्या वर्षी वस्ती खाली उतरली ती त्याच्याशिवाय. चालता न येणारा धनगर म्हणजे काय, हे मी इथे लिहायची गरज नाही.

तू उघडपणे फिरू लागलास तेव्हा मी बदली होऊन साताऱ्यात होतो. तू माझ्याकडे उतरलास. अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेवर आपण एका दगडावर बसलो आणि तू एकदम म्हणालास, "इष्ण्या, खरं सांग. त्या सकाळी तुझी सुई किती दावत हुती?"

"का रे?"

मग तू सांगितलंस. तार तू खिंडीत टेकवलीच नव्हतीस. तुझ्या गावच्या विहिरीत सोडली होतीस, साडेसातव्या मैलाला. पण तारेच्या आणि विहिरीच्या मध्ये अण्णांच्या शेगडीचं वेटोळं बसवलं होतंस. "दीडशे ओहम तारंचं, अठ्ठेचाळीस शेगडीचं. तू दोनशे धरनार आनि दहा मैल म्हननार. फौजदार खिंडीत दगडं उलटत बसनार, दिसभर. आमी ती चौकी कवाच सोडली हुती." तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. "सगळा डाव तुझ्यावर हुता गड्या. मीटरपाशी इष्ण्या हाय, त्यो आकडा हिकडचा तिकडं करनार न्हाई. दुसरा कोन असता तर मी ह्यो डाव खेळलोच नसतो."

सदा, त्या दगडावर मला एक शब्द बोलायचा होता. दोनशे. एवढाच. तो बोललो असतो तर तू मला मारलं असतंस, शिव्या दिल्या असत्यास, कदाचित महिनाभर बोलला नसतास. पण पुढची पन्नास वर्षं आपण दोघं मोकळे झालो असतो.

"एकशे साठ," मी म्हणालो.

तू खडा उचललास आणि दगडावर मांडलंस. "अडीचशे. दीडशे तारंचं, अठ्ठेचाळीस वेटोळ्याचं. मग वरचं कुटनं आलं?" तुझं डोकं भराभर चालत होतं, मला ते दिसत होतं. "वेटोळं तापून वाढलं म्हनावं तर दोन वॅटसुदिक त्यात पडत न्हाईत. कोमट पन व्हनार न्हाई. मग?"

"मातीचे असतील," मी म्हणालो.

"माती वली हुती रं. विहीर काठोकाठ."

"मातीचं सांगता येत नाही."

तू हातातला खडा खाली टाकलास. खाली गावात कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. मग म्हणालास, "तारंचं मोजलं, शेगडीचं मोजलं. पायाखालची माती धरलीच न्हाई मी. त्या बिरूला मी मारला."

मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. "असं म्हणू नकोस," असं म्हणालो. म्हणजे मी तुझं सांत्वन केलं. आयुष्यात मी केलेली सर्वांत वाईट गोष्ट तो खोटा आकडा नव्हे. तो आकडा तुझ्या प्रेमापोटी होता, असं तरी मला म्हणता येतं. त्या हाताबद्दल काहीच म्हणता येत नाही.

तू तो विषय सोडला नाहीस. सोडणारा नव्हतासच. तुझ्या लग्नात, माझ्या मुलीच्या बारशाला, दर चार-दोन वर्षांनी तू मला कोपऱ्यात घ्यायचास आणि म्हणायचास, "वल्या मातीचं पन्नास ओहम? इष्ण्या, बसत न्हाई." मी म्हणायचो, जाऊ दे रे आता. एका पावसाळ्यात तू शाळेचं मीटर घेऊन त्याच विहिरीवर गेलास. भर पावसात, छत्री मोटेच्या दगडाला बांधून. परत आलास तो सरळ माझ्या दारात, धोतर चिखलाने भरलेलं. "दोन भरलं," तू म्हणालास. "मातीचं फकस्त दोन ओहम." माझ्या बायकोने चहा पुढे केला तो तुझ्या हातात तसाच राहिला.

"तेव्हाची माती वेगळी असेल," मी म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस. मला आजही ठरवता येत नाही, त्या बघण्यात काय होतं. पण तू एवढंच म्हणालास, "आसंल." आणि चहा प्यालास. सुई किती होती हे तू मला दुसऱ्यांदा कधी विचारलं नाहीस. दोन ओहमची माती एका दिवसापुरती पन्नासाची झाली, हे मानायला तू तयार झालास. मी खोटं बोललो असेन, हे मानायला तयार झाला नाहीस.

दीडशे तारेचे, अठ्ठेचाळीस शेगडीचे, दोन मातीचे. दोनशे. सुई दोनशेवरच होती. तू चाळीस व्होल्टची बॅटरी न बघता, साडेसात मैलांवरच्या अंधाऱ्या विहिरीपाशी उभा राहून, माझ्या टेबलावरचा आकडा आधीच सांगितला होतास, आणि तो अचूक होता. हे या अंकात छापलं जावं. तुझ्या विद्यार्थ्यांनी वाचावं. ज्या विद्यार्थ्याने परवा भाषण केलं त्याला मी प्रत्यक्ष भेटून सांगणार आहे.

सत्कार घ्यायचा नाही म्हणून तू दोनदा सभेतून उठून गेलास. लोक म्हणाले, केवढा विनय. तू मला म्हणालास, "बिरूच्या पायावर उबं ऱ्हाऊन हार कसा घालून घेऊ?" वरच्या वर्गांचं गणित तू सोडलंस आणि लहान पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवत राहिलास. हेडमास्तर व्हायला नकार दिलास. हे सगळं माझ्या एका आकड्याने झालं. तरी तुझ्याजवळ बसलं की बरं वाटायचं, हे कसं, ते मला कळत नाही. तू कधी चिडका झाला नाहीस. तुझी मस्करी शेवटपर्यंत तशीच. दवाखान्यात नाकात नळी असताना नर्सला म्हणालास, "बाई, ह्या मशीनचं वॅट किती?" तुझ्याइतका जवळचा माणूस मला दुसरा नव्हता, आणि तुझ्याशी मी कधीच सगळं बोललो नाही. तू गेल्यापासून घरात कुणाशी बोलावं असं काही उरलेलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुली आपापल्या घरी. सकाळी उठतो आणि वाटतं, आज सदाकडे जावं आणि सांगून टाकावं. मग आठवतं.

तुला सांगता येणार नव्हतं, म्हणून काल बिरूकडे गेलो.

तू दर अमावास्येला तिकडे जातोस, हे मला माहीत होतं. त्याने कातलेली लोकर घेऊन तू विट्याच्या बाजारात सणगराकडे पोचवायचास, घोंगडी विणून व्हायची, तो व्यवहार तू सांभाळायचास. पुढे पुढे सगळी वाट एसटीने, त्याआधी विट्याहून पुढे सायकलने. माझ्या डोळ्यांपुढे तू म्हणजे माळावर नेहमी काहीतरी समजावून सांगणारा मास्तर. तिकडे काय बोलत होतास कोण जाणे.

बिरू दारात बाजेवर बसला होता, चातीवर लोकर कातत. दृष्टी अधू झाली आहे. पाय घोंगडीखाली.

"कोन हाय?"

"मी विष्णू. सदा मास्तरांचा मित्र. तार ऑफिसातला."

"मास्तर गेलं म्हनं." चाती थांबली नाही. "बसा. त्येच्यावानी दगडावर बसू नगा, कोंबडीनं घान क्येलीया."

मी सांगितलं. ओहम आणि मिलिअँपिअर न सांगता, साध्या शब्दांत. मीटरने खिंड दाखवली होती, मी वस्ती सांगितली. मला वाटलं होतं तुम्ही खाली उतरला असाल. मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. मी सांगत असताना मध्येच एक शेळी आली, त्याने तिला हातानेच बाजूला ढकललं. माझं संपल्यावर त्याने धागा चातीला गुंडाळला.

"त्या साली गवात लय हुतं," तो म्हणाला.

"होय."

"म्हंजी मास्तरचं चुकलंच नव्हतं."

"नाही."

"आनि तुमाला ठावं हुतं."

"होय."

"त्यो मरूस्तवर त्येला सांगितलं न्हाई."

मी मान हलवली. त्याला दिसत नसेल म्हणून "नाही" असंही म्हणालो.

तो हसला. सदा, खरंच हसला, दात नसलेलं हसू. "मास्तर हितं बसून रडायचा. सुरवातीला. मी म्हनायचो, आवं मास्तर, मारलं फौजदारानं, तुमी कशाला रडताय? तर म्हनायचा, बिरू, गनित माजं हुतं." मग हसू गेलं. "आता तुमी म्हनताय, गनित तुमचं. आसूद्या. मार माज्या पायाला बसला, त्यो कुनाच्या गनितानं बसला ह्ये मला न्हाई कळत. पर आवं, मास्तर दर अमुशाला यायचा. पावसात, उनात. त्येचं न्हाई चुकलं तरी यायचा. तुमचं चुकलं हुतं, तर तुमी कुटं हुता?"

मी एसटीच्या खिडकीतून तो माळ किती वेळा बघितला आहे. दर वेळी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो आहे. हे त्याला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. उत्तर म्हणून ते पुरत नव्हतं.

त्याने बाजेखालून लोकरीचं गाठोडं ओढून काढलं आणि हाताने चाचपलं, किती झालंय ते बघायला.

"ह्ये इट्याला कोन न्हेनार आता?" तो म्हणाला. माझ्याकडे बघून नव्हे, गाठोड्याकडे बघून.

"मी नेतो," मी म्हणालो. "अमावास्येला येतो."

त्याने माझ्या काठीचा आवाज ऐकला असावा, किंवा माझा श्वास. मान तिरपी करून जरा थांबला.

"बगू," बिरू म्हणाला, आणि पुन्हा चाती फिरवली.